खाली पाहणाऱ्या डोळ्यांचा इतिहास

काही वर्षांपूर्वी धुळ्यात भीमजयंतीच्या मिरवणुकीत एक प्रसंग घडला. आमच्या भागातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आले आणि त्यांनी मला कवटाळले. मी अंग चोरले. चोरले हा शब्द सौम्य झाला. दोन्ही हातांनी मी त्यांना मागे लोटले. ढोल, डीजे, निळा गुलाल, हजार माणसांचा घाम आणि त्यात अचानक अंगावर आलेला दुसऱ्या देहाचा भार. नाना क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सर, प्रोफेसर झाले म्हणून आपल्याच माणसाचा विटाळ होतो का?"

ज्या समाजाने स्पर्शाच्या हक्कासाठी महाडला मार खाल्ला, त्या समाजात जन्मून मला स्पर्श सोसत नाही. हे वाक्य लिहितानाही हात अडखळतो. त्या दिवशी नानांना द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज आहे, पण ते एका वाक्याचे नाही. मी इतिहास शिकवतो, म्हणून ते इतिहासाच्या वाटेनेच द्यावे म्हणतो.

मी ऑटिस्टिक आहे. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी पुण्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञाने हे मला सांगितले. हा रोग नाही, जडत नाही, बरा होत नाही. मेंदूची ही जन्मजात ठेवण आहे. समोरच्याचे बोलणे, पंख्याची खरखर, शेजारच्या वर्गातला फळा पुसण्याचा आवाज, हे सारे माझ्या कानावर एकाच वजनाने पडते. त्यातून बोलणे तेवढे निवडून घ्यायला मला कष्ट पडतात. माणसे उघड बोलतात ते मला समजते, आडून सुचवतात ते समजत नाही. दिवसाचा क्रम मोडला की सगळा दिवस मोडतो. आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहिले की त्याचे शब्द ऐकू येईनासे होतात. ऐकायचे असेल तर मला खाली किंवा भिंतीकडे पाहावे लागते. प्रत्येक ऑटिस्टिक माणूस माझ्यासारखा असतो असे नाही. कुणी आयुष्यभर एक शब्द बोलत नाही, कुणाला आंघोळीपासून जेवणापर्यंत सोबत लागते. मी माझ्यापुरते लिहितो आहे.

मराठीत याला 'स्वमग्नता' म्हणतात. स्वतःत मग्न असलेला तो स्वमग्न. हा शब्द ज्याने घडवला तो बाहेरून पाहणारा होता, हे उघड आहे. मूळ 'ऑटिझम' हा शब्दही तसाच, 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी गेल्या शतकाच्या आरंभी बनवलेला. आपल्याला हा व्यवहार नवा नाही. आपली नावे नेहमी दुसऱ्यांनीच ठेवली. सरकारदरबारी अपंगांना २०१६पासून 'दिव्यांग' म्हणू लागले, तेव्हा मला 'हरिजन' आठवला. दोन्ही शब्द एकाच कारखान्यातले आहेत: हक्क द्यायचा नसला की देवपण द्यायचे. असो. तेव्हा मी 'ऑटिस्टिक' हा परका शब्दच वापरतो; त्यात निदान दया नाही.

ऑटिझमचा जो इतिहास पुस्तकांत सापडतो तो १९४३ साली अमेरिकेत, बाल्टिमोरला सुरू होतो. लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांवर एक निबंध लिहिला. आठ मुलगे, तीन मुली. ही मुले माणसांपेक्षा वस्तूंत रमत, तोचतोचपणा मागत, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी परत म्हणत. निबंधाच्या शेवटाकडे कॅनर या मुलांच्या आईबापांविषयी लिहितात. अकरा बापांत चार मनोविकारतज्ज्ञ; उरलेल्यांत वकील, प्राध्यापक, इंजिनिअर. अकरापैकी नऊ आया पदवीधर. कॅनर यांना वाटले, अशी मुले बुद्धिमंतांच्या घरीच जन्मतात. पुढे काही वर्षे पाश्चात्त्य वैद्यकशास्त्र त्याच समजुतीत राहिले, आणि थंड स्वभावाच्या शिकलेल्या आयांमुळे मुले अशी होतात, असाही एक क्रूर सिद्धान्त निघाला. खरी गोष्ट साधी होती. १९४३ साली मुलाला घेऊन बाल्टिमोरच्या मोठ्या डॉक्टरकडे कोण जाऊ शकत होते? पहिल्या मुलाच्या, डोनाल्ड ट्रिपलेटच्या, वकील बापाने डॉक्टरांना तेहतीस पानांचे टंकलिखित पत्र पाठवले होते. आमच्या घरात पहिला पदवीधर मी. माझ्या आजीला पोस्टकार्ड लिहून घ्यायचे असले तरी मास्तरांच्या दारात बसून राहावे लागे. जिथे पाहणारा होता तिथे ऑटिझम दिसला. लंडनच्या कँबरवेल भागात लोर्ना विंग आणि ज्युडिथ गुल्ड यांनी घरोघरची मुले तपासून १९७९मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा हा वर्गाचा पडदा थोडा फाटला.

डोनाल्डची पुढची हकिकत मला फार विचार करायला लावते. तो मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावचा. तिसऱ्या वर्षी त्याला एका संस्थेत ठेवले होते, आईबापांनी वर्षभरात परत आणले. नंतर काही वर्षे तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजण्याचा नाद होता, तर त्या शेतकऱ्याने त्याला विहिरीची खोली मोजायला लावली. मक्याच्या ओळी मोजायची सवय होती, तर नांगरता नांगरता मोजू दिल्या. मोठेपणी डोनाल्ड गावच्या बँकेत नोकरीला लागला आणि आयुष्यभर तिथेच राहिला. २०२३मध्ये, ८९व्या वर्षी, तो वारला. गावाने त्याला सांभाळून घेतले असे सारे लिहितात, आणि ते खरेही आहे. पण बँक त्याच्या आईच्या माहेरची होती, हेही त्याच वाक्यात लिहायला हवे.

व्हिएन्नात हान्स अ‍ॅस्पर्गर यांनी १९४४मध्ये अशाच मुलांविषयी लिहिले. त्यांचे नाव पुढे या अवस्थेच्या एका प्रकाराला मिळाले. हेरविग चेक या इतिहासकाराने जुनी कागदपत्रे तपासून २०१८मध्ये दाखवून दिले, की नाझी राजवटीत अ‍ॅस्पर्गर यांनी काही मुलांना श्पीगेलग्रुंड या संस्थेत पाठवले होते. त्या संस्थेत जवळपास आठशे मुले मारली गेली. उपयोगी मूल आणि निरुपयोगी मूल अशी वाटणी जन्मावरून करणारे शास्त्र आपल्या परिचयाचे असले पाहिजे. जातिव्यवस्थेला सुप्रजाजननाचा आधार शोधणाऱ्यांना बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त १९३६ सालीच उत्तर दिले होते.

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे डॉक्टर नव्हते, म्हणून अशी माणसेही नव्हती काय?

खानदेशात महानुभाव पंथाची माणसे गावोगाव आहेत, आणि त्यांच्या तोंडून लहानपणी मी गोविंदप्रभूंच्या लीळा ऐकल्या. चक्रधरस्वामींचे हे गुरू. वऱ्हाडात रिद्धपूरला राहत, जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. म्हाइंभटाने त्यांचे चरित्र तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहिले, आणि मराठी गद्याच्या अगदी पहिल्या ग्रंथांत ते मोडते. त्यात गोविंदप्रभू स्वतःशी बोलतात, हसतात, कुणाच्याही घरात शिरून खातात, महारामांगांच्या घरी जातात. गावचे लोक त्यांना वेडे म्हणतात, आणि तरी सांभाळतात. गोविंदप्रभू ऑटिस्टिक होते असे मी म्हणणार नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाची नाडी पाहण्याचा धंदा इतिहासकाराने करू नये. मला फक्त वेडाची जात दाखवायची आहे. गोविंदप्रभू जन्माने ब्राह्मण होते. त्यांनी शिवाशीव मोडली तर ती लीळा झाली. महारवाड्यातला माणूस असा पाटलाच्या घरात शिरला असता, तर त्याची कुणी लीळा लिहिली असती काय?

आमच्या घरात असा एक माणूस होता. माझ्या आजोबांचा थोरला भाऊ. त्याला आम्ही मोठा आजा म्हणत असू. आमचे गाव पारोळा तालुक्यातले. मोठा आजा १९९९मध्ये वारला, तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. तो रोज पहाटे उठून गावच्या शिवेवरून फिरे. नेहमी एकाच दिशेने, आणि शिवेचे दगड मोजत. शेतांची नावे, त्यांचे मालक, मालकांचे बाप, बांधावरची झाडे, सारे त्याला मुखोद्गत. याशिवाय दुसरे काही तो बोलत नसे. आपल्याच ताटलीत जेवे. लग्नात वाजंत्री सुरू झाली की उठून बोरी नदीच्या पात्रात जाऊन बसे. वाड्यातली पोरे त्याला 'येडा' म्हणत, दगड मारत. मीही मारला आहे. आजी मात्र अहिराणीत म्हणायची, "तो येडा नही शे, येगया शे. त्याले गलबला सोसत नही." येगया म्हणजे वेगळा. आज इतकी पुस्तके वाचल्यावरही यापेक्षा नेमके निदान मला सापडलेले नाही.

तरुणपणी मोठ्या आजाने महारकी केली. मुंबई राज्याने १९५८चा कायदा करून ही वतने मोडली. तोपर्यंत सरकारी कागद पोहोचवणे, मेलेले ढोर ओढणे, परगावी मयतीचा सांगावा नेणे आणि शिवेच्या वादात साक्ष देणे, ही सारी कामे महाराच्या माथी होती. सांगावा नेण्यासाठी गाव मुद्दाम मोठ्या आजालाच पाठवी. ठरलेले शब्द तो ठरलेल्या क्रमाने सांगे, रडत नसे, पुढे एक अक्षर बोलत नसे, आणि लगेच परत फिरे. शिवेच्या साक्षीला तर त्याच्यासारखा माणूस नव्हता. पण एकदा शेजारच्या गावाशी वाद निघाला, पाटलाने त्याला काय बोलायचे ते सूचकपणे सांगितले, आणि मोठ्या आजाला ती सूचना कळलीच नाही. त्याने दगड जिथे होता तिथेच तो आहे असे सांगितले. त्या वर्षी आमच्या घरचे बलुते बंद झाले आणि त्याला चावडीपुढे मार बसला. आमच्या घरात ही कथा मोठ्या आजाच्या सत्यवचनीपणाची म्हणून सांगतात. मला वाटते, खोटे बोलायचे असते हे त्याच्या डोक्यातच आले नसावे. माझ्याही येत नाही, आणि त्याची किंमत मी वेगळ्या चावड्यांवर मोजतो.

महारकी ही गुलामगिरी होती. तिच्यात मोठ्या आजाला जागा होती असे म्हणून मी तिचे गोडवे गाणार नाही. बाबासाहेब १९२८पासून विधिमंडळात या वतनांविरुद्ध लढले ते उगाच नव्हे. परंतु एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती मला कुठल्याही ग्रंथात आढळली नाही. अस्पृश्याने कसे वागावे याचे गावचे नियम आठवा. दूर उभे राहावे. डोळे वर करू नयेत. विचारल्याशिवाय बोलू नये. कुणाला शिवू नये. ठरलेलेच शब्द बोलावेत. हे नियम ज्याच्यावर लादले त्याचा माणूसपणा त्यांनी ठेचला. पण ज्याची जन्मजात ठेवणच डोळे खाली ठेवण्याची, दूर राहण्याची, कमी बोलण्याची होती, तो या नियमांआड पुरता झाकला गेला. गावाला मोठा आजा सभ्य, मर्यादशील महार वाटला. तो कुणाची मर्यादा पाळत नव्हता. पाटलाची गाय समोर आली असती तरी तो असाच जमिनीकडे पाहत गेला असता.

आपल्या देशात ऑटिझम मोजण्यासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने २००९मध्ये चाळीस कलमांची एक मोजपट्टी तयार केली. प्रमाणपत्रासाठी सरकार तीच वापरते. तिचे पहिलेच कलम डोळ्याला डोळा न देण्याविषयी आहे. ही मोजपट्टी घेऊन कुणी शंभर वर्षांपूर्वीच्या महारवाड्यात आला असता तर पहिल्या कलमावर त्याने सारा वाडाच ऑटिस्टिक ठरवला असता, आणि त्या सगळ्यांत मोठा आजा त्याला वेगळा दिसलाच नसता.

मग चळवळ आली. तिने मान वर करायला शिकवले. बाबासाहेबांचे पहिले पत्र 'मूकनायक', ३१ जानेवारी १९२०चे. मुक्यांनी बोलावे हाच त्याचा अर्थ. आपण बोललो, ओरडलो, मोर्चे काढले, आत्मकथने लिहिली. या आवाजावाचून मी कॉलेजच्या दारात पोहोचलो नसतो. पण या इतिहासात खाली पाहणाऱ्या डोळ्यांचा अर्थ बदलला. गावात ते मर्यादेची खूण होते. चळवळीत ते लाचारीची खूण झाले. विद्यार्थिदशेत जळगावला एका शिबिरात मला उभे करून सांगितले गेले, "डोळ्यात बघून बोल, तुझ्या रक्तात अजून जोहार आहे." सगळे हसले. मी बसलो, आणि दोन वर्षे शिबिराला गेलो नाही. सांगणारा वाईट नव्हता. त्याला खाली पाहण्याचे एकच कारण माहीत होते.

चळवळीने मला ज्या गोष्टी दिल्या त्यांत मला सर्वांत जवळची एक आहे, आणि ती कदाचित कुणाच्या लक्षात आली नसेल. ती म्हणजे 'जय भीम'. कामठीच्या बाबू हरदासांनी रूढ केलेले हे अभिवादन ऑटिस्टिक माणसासाठी वरदान आहे. शब्द ठरलेले, उत्तर ठरलेले, मोठ्याला आणि लहानाला तेच, हात मिळवायची सक्ती नाही. 'काय म्हणता, बरं आहे ना' या प्रश्नाला खरे उत्तर द्यायचे की नाही, हे मला अजून समजत नाही. जय भीमला जय भीम म्हणायचे, एवढे मला पक्के माहीत आहे. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरातही मला असाच विसावा मिळाला. विपश्यना बाबासाहेबांच्या धम्मात बसते की नाही हा वाद मला ठाऊक आहे. त्यात मी पडत नाही. पहिले नऊ दिवस कुणी कुणाशी बोलायचे नाही, कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहायचे नाही, हाच तिथला नियम. ते नऊ दिवस मी त्या सभागृहातला सर्वांत सामान्य माणूस होतो.

एरवीचे दिवस असे नसतात. नेट झालो, पीएच.डी. झाली, पण गेली आठ वर्षे मी तासिका तत्त्वावर शिकवतो. दर वर्षी नवी ऑर्डर, दर वर्षी नवी भीती. वर्गात मला अडचण नाही. पन्नास मिनिटे, एक विषय, बोलायची पाळी कुणाची हे ठरलेले. मुलांना माझी व्याख्याने आवडतात, कारण मी सनावळ्या कागद न पाहता सांगतो. अडचण आहे ती स्टाफरूममध्ये. तिथे कामे चहावर होतात, कुणाच्या मुलाच्या बारशाला गेल्याने होतात, कुणाच्या बोलण्यावर वेळेवर हसल्याने होतात. कायम जागेसाठी एका संस्थेत मुलाखत झाली. बाहेर आल्यावर कळले, शेरा होता: 'आत्मविश्वासाचा अभाव'. हा शेरा आपल्या किती मुलांना मिळाला असेल! त्या शेऱ्यात माझी जात किती होती आणि माझे खाली पाहणे किती होते, हे मी आजही वेगळे करू शकत नाही. शेरा देणाऱ्यालाही बहुधा ते ठाऊक नसावे.

कायद्याचे म्हणाल तर, १९१२च्या लुनसी अ‍ॅक्टमध्ये जडबुद्धी आणि वेडा यांना एकाच व्याख्येत कोंबले होते, आणि तो कायदा १९८७चा मानसिक आरोग्य कायदा लागू होईपर्यंत चालला. १९९५च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात ऑटिझम नव्हता. हा शब्द आपल्या कायद्यात शिरला १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने, आणि त्या कायद्याने दिले काय? मुख्यतः पालक नेमण्याची सोय. ऑटिस्टिक माणसाला नोकरी लागू शकते हे मान्य व्हायला २०१६चा कायदा यावा लागला. त्यात एकवीस प्रकार आले, आणि सरकारी जागांतल्या चार टक्क्यांपैकी एक टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून मिळाला. आधी पालक, सतरा वर्षांनी नोकरी. हे आरक्षण समांतर असते, म्हणजे मी अनुसूचित जातीच्या जागेतच ऑटिस्टिक म्हणून मोजला जाईन. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो तेव्हा खिडकीवरच्या कारकुनाने विचारले, "पेशंट कुठाय?" म्हटले, "मीच." तो म्हणाला, "अहो, लहान मुलाला घेऊन या." त्याचाही फार दोष नाही, ती मोजपट्टीच मुलांना समोर ठेवून बनवलेली आहे. ऑटिस्टिक मूल मोठे होते, लग्न करते, तासिकेवर शिकवते, हे तिच्यात बसत नाही.

जनगणनेतही आम्ही नाही. इंग्रजांनी १८७२पासून १९३१पर्यंत वेडे, मुकेबहिरे, आंधळे, कुष्ठरोगी मोजले. स्वातंत्र्यानंतर मोजणी बराच काळ थांबली. २०११च्या जनगणनेत आठ प्रकार होते, ऑटिझम स्वतंत्र नव्हता. त्या जनगणनेत देशात शंभरामागे २.२१ अपंग निघाले, अनुसूचित जातींत २.४५. या फरकामागे कुपोषण आहे, बाळंतपणातली आबाळ आहे, गटारातली आणि वीटभट्टीवरची कामे आहेत. आपल्या चळवळीने हा आकडा कधी फलकावर लिहिलेला मी पाहिलेला नाही.

घराविषयी लिहावे की नाही, यावर मी बराच विचार केला. माझी पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पाहण्याच्या कार्यक्रमात मी तिच्याकडे एकदाही पाहिले नाही. ती पुढे म्हणाली, "तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही, पण मी बोललेलं सगळं तुम्हाला तोंडपाठ होतं. म्हणून हो म्हटलं." निदानाच्या आधीची चार वर्षे फार वाईट गेली. ती रडली की मी खोलीबाहेर जाई; तिला वाटे, याला काळीज नाही. मला वाटे, आवाज आणखी वाढेल. आता माठाच्या फळीवर एक वही असते. तोंडाने जमत नाही ते आम्ही तिच्यात लिहितो. राग आला तर ती सांगते, 'अहो, मला राग आला आहे'. चेहऱ्यावरून ओळखायला लावत नाही. भाजी फोडणीला टाकताना आणि कुकर लावताना ती आधी सांगते. पण नातेवाइकांची लग्ने, बारशी, दहावे ती एकटी सांभाळते, आणि 'तुझा नवरा कुठाय?' हा प्रश्नही तीच झेलते. माझ्या वेगळेपणाचा अर्धा भार तिच्या पाठीवर आहे. माझ्या जागी बाई असती तर? गलबला सोसत नाही म्हणून चुलीपुढून उठून नदीच्या पात्रात जाऊन बसणाऱ्या बाईला आमच्या वाड्याने 'येगयी' म्हटले असते काय? तिला अंगात आले म्हटले असते, किंवा माहेरी पाठवले असते. कॅनर यांच्या अकरांत मुली तीनच का, याचे उत्तर असल्या घरांतही शोधावे लागेल.

मागच्या उन्हाळ्यात गावच्या शाळेत जाऊन मी जुने जनरल रजिस्टर पाहिले. लोकल बोर्डाच्या काळातले, मोडीत सह्या असलेले. मोठ्या आजाचे नाव सापडले. इयत्ता पहिली. शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात तीनच शब्द होते: 'मुलगा बोलत नाही.' त्याच पानावर, वेगवेगळ्या वर्षी दाखल झालेली, आणखी दोन नावे त्याच शेऱ्याची. एक आमच्याच वाड्यातले, एक भिल्ल वस्तीतले. ज्या शिक्षकमित्रांच्या शाळांत अशी रजिस्टरे अजून वाळवीतून वाचली असतील, त्यांनी तो रकाना जरूर पाहावा.

नानांना मी हे सारे सांगितले ते पुष्कळ उशिरा, आणि तोंडाने नाही. चार पानांचे पत्र लिहून दिले. आठ दिवस त्यांचा फोन नाही. नवव्या दिवशी ते घरी आले, उंबऱ्याशी थांबले, हात जोडून जय भीम म्हणाले आणि आत येऊन लांबच्या खुर्चीवर बसले. पत्राविषयी काही बोलले नाहीत. म्हणाले, "जळगावले मनी बहीणना पोर्‍या शे. चोवीस वरीसना. घरमाच ऱ्हास. पाव्हना उनात की त्याले आतनी खोलीमा लोटतस आनि कडी लावतस. सर, त्याले एकदाव देखशात का?"

धुळ्याजवळ, मुंबई-आग्रा रस्त्यावर, लळिंगच्या कुरणात लांडोर बंगला आहे. बाबासाहेब १९३७ साली न्यायालयाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा ३१ जुलैला तिथे राहिले होते. त्या तारखेला दर वर्षी तिथे हजारोंची यात्रा भरते. इतकी वर्षे मी कधी गेलो नव्हतो. लाउडस्पीकर रस्त्यापासूनच सुरू होतात. या वेळी आम्ही अंधार असतानाच निघालो. नाना, त्यांचा भाचा आणि मी. पावसाने गवत गुडघ्याएवढे झालेले, वर बंगल्यापाशी अजून कुणी नाही, एक-दोन मोर ओरडत होते. मुलगा मोराच्या आवाजाला कानावर हात ठेवी आणि आवाज थांबला की काढी. चढ चढताना तो प्रत्येक पावलाला आकडा मोजत होता. मध्येच थांबला, दोनशे चौदावर. नानांनी त्याला हात धरून ओढायला हात पुढे केला आणि मागे घेतला. आम्ही तिघे तिथेच उभे राहिलो. काही वेळाने मुलगा दोनशे पंधरा म्हणाला.